काकींच्या वाडीतले शनिवार

४ जानेवारी, शनि.

थंडी. वाडीत पोचले तेव्हा वंदनाकाकी गोठ्यासमोर शेकोटी करून बसलेल्या. अंगात मुलाचं जुनं जॅकेट, हातात पाटल्या. मला बघून म्हणाल्या, आलीस काय गो, तुजी पोरां कुठं हायत? पोरं माझी नव्हेत, पण शनिवारी सकाळपुरती माझीच. चार ते सात वर्षांची. काही बदलापुरातल्याच शिरगावातली, काही इथली मांजर्लीतली, एक थेट उल्हासनगरहून येते. शिवाय काकींचा नातू रुद्र, तो घरचाच.

आज खुळखुळे करायचे होते. गुलमोहराच्या, शिरीषाच्या वाळक्या शेंगा, त्यावर गेरू-चुन्याचे ठिपके, देठाला सुतळी. काल ग्रुपवर मेसेज टाकला : "उद्या येताना प्रत्येकाने सुकलेल्या शेंगा आणाव्यात." आता मराठी माणसाला नुसतं 'शेंगा' म्हटलं की काय आठवतं, हे मला सुचायला नको होतं का? निम्मी पोरं भुईमुगाच्या शेंगा घेऊन हजर. एकीच्या आईने शेवग्याच्या दिल्या, फ्रीजमध्ये पडून सुरकुतलेल्या. आणि उल्हासनगरच्या दियाची आई, कांचन, तिने तर गरम पिशवीच पुढे केली. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून सकाळी सकाळी खास भाजून आणल्या म्हणाली, "टीचर, शेंगा मतलब यही ना?"

यही. आधी खाल्ल्या. मग टरफलांचे उंदीर केले, दोऱ्याची शेपटी, तिळाचे डोळे. झकास झाले. शेवगा काकींच्या आमटीत गेला. खुळखुळे पुढच्या वेळी.

नक्ष आजही ओट्यावरून खाली उतरला नाही. साडेचार वर्षांचा, मांजर्लीचाच. पायात सँडल, आईच्या ओढणीचं टोक मुठीत. मी बोलावलं नाही. प्राजक्ता, त्याची आई, मला सारखी सॉरी म्हणते. कशाबद्दल ते तिलाही माहीत नसावं.

७ जाने., मंगळ.

कुलकर्णी सरांचा फोन. आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीत मी ज्यांच्या हाताखाली इतकी वर्षं लॅबमध्ये होते ते. क्यूसीची इनचार्ज रिटायर होतेय, तू ये म्हणाले. होळी झाली की उत्तर दे, त्याच्या पुढे मला जागा अडवून ठेवता येणार नाही.

मला लॅब आवडायची. इथे खोटं कशाला लिहू. ब्युरेटमधून शेवटचा थेंब पडतो आणि फ्लास्कमधला रंग पलटतो, त्याची मजा बारा वर्षांत शिळी झाली नाही. आईंच्या आजारपणात सोडली. आई आता ठणठणीत आहेत, नाशिकला दिरांकडे जाऊन माझ्याबद्दल चांगलं बोलतात असं कळतं. म्हणजे घरी बसायला आता सबबही नाही.

म. म्हणतो, दोन्ही कर की. (नवरा. या वहीत लग्नापासून तो म.च आहे.) त्याला बँकेत राहून हे कळत नाही की आमच्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. शनिवारी प्लांट जोरात. लॅब असेल तर वाडी नाही, वाडी असेल तर लॅब नाही.

ठरवलं. होळीपर्यंत वाडी उभी राहिली, म्हणजे पोरं आपल्या मनाने येत राहिली, तर सरांना नाही म्हणायचं. नाही राहिली तर पांढरा कोट. इथे लिहिलं की मी पाळते.

११ जाने., शनि.

वाडीच्या मागे नदी. आत्ता बिचारी ओढ्याएवढी आहे. पण मागच्या पावसात वाडीत घुसली होती, तेव्हाचा गाळ चरात अजून आहे, सुकून पापड झालेला. काल संध्याकाळी बादलीत भिजत घालून आले. आज लोण्यासारखा. विकतची क्ले याच्यापुढे काहीच नाही. खडा नाही, काडी नाही, बोटाची रेघसुद्धा उमटते.

पोरांनी बैल केले, खेकडे केले. दियाने एसी केला. रिमोटसकट. कुणाला लावू देईना.

मग प्राजक्ता ओट्यावरून उठून आली. माती बघितली, वास घेतला. म्हणाली, "मॅडम, हीच माती आम्ही घरातून बादल्यांनी काढलीय. फ्रीजच्या खालून, गादीच्या आतून. नक्षची पुस्तकं पण गेली. आणि तुम्ही तिचे बैल करताय."

रागावली नव्हती. सहज बोलली, म्हणून जास्त लागलं. मी शिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहणारी. पूर मी व्हिडिओत बघते आणि हळहळते. ती नक्षला घेऊन लवकर गेली. मला ती माती आवडली याची लाज वाटली, आणि तरी आवडलीच.

१४ जाने., मंगळ.

तिळगूळ. कांचनचा व्हॉइस मेसेज, नेहमीसारखा मराठी-हिंदी-सिंधी असा सगळा एकत्र : दिया घरी गॅलरीतल्या कुंड्या उपसतेय, तिची नानी ओरडतेय, टीचर आता हिला तुम्हीच संभाळा. दोनदा ऐकला. खूश आहे मी. शिरगावातल्या आणखी दोन आयांनी विचारलं, आमच्या पोरांना घ्याल का. घेते म्हटलं. आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मातीत एक फूट खणायचं तर परवानगी लागेल. पोरं जाणार कुठे?

प्राजक्ताला तिळगुळाचा मेसेज केला. तिने लाडवाचा फोटो पाठवला. बरं वाटलं.

१८ जाने., शनि.

आजचा दिवस माझा. गोकर्णाची फुलं कोमट पाण्यात चुरली, निळं पाणी वाट्यांत घातलं. एकात लिंबू पिळायचं, एकात खायचा सोडा. निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं गुलाबी. दुसरीकडे हिरवट. पोरं गप्प झाली. ही पोरं गप्प होणं म्हणजे काय, ते तिथे असणाऱ्यालाच कळेल. रुद्रने सगळ्या वाट्या एकात ओतल्या, गटारासारखा रंग झाला, तोही त्याला आवडला.

मग त्याच पाण्याने कागदावर पानांचे ठसे.

आणि नक्ष ओट्यावरून उतरला. सँडल घालूनच, पण उतरला. माझ्या हातातली लिंबाची फोड घेतली, पिळली, वाटीत बघत राहिला. "अजून," म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. थोडा घोगरा आहे. अख्खं लिंबू त्याला देऊन टाकलं.

प्राजक्ताने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाली, याच्या बाबांना पाठवते, त्यांना खरं वाटणार नाही.

सरांना नाही म्हणणं सोपं जाणार असं दिसतंय.

२२ जाने., बुध.

कोंडेश्वरच्या रस्त्याला स्कूटी घेऊन गेले, शनिवारचं सामान गोळा करायला. करंजाच्या शेंगा मिळाल्या, शिरीषाच्या भरपूर. आणि परत येताना कुंपणावरच्या एका वेलाला काय सुंदर शेंगा. सोनेरी तपकिरी, मखमली, घोसाघोसाने लटकलेल्या, किंचित वळलेल्या. ऊन पडलं की चमकतात. मी कुठल्या पुस्तकात पाहिल्या नव्हत्या.

स्कूटीच्या डिकीत ग्लोव्ह्जचा डबा असतो. अनोळखी सँपल उघड्या हाताने घ्यायचं नाही, ही लॅबची सवय काही जात नाही. ग्लोव्ह्ज घातले, शेंगा खुडल्या, झिपच्या पिशवीत घातल्या, पिशवीवर तारीखसुद्धा टाकली. म.ने पिशवी बाहेरून बघितली. मांजराचं शेपूट वाटतंय म्हणाला. तो डोंबिवलीचा, मी ठाण्याची, रानातलं दोघांनाही कळत नाही.

२५ जाने., शनि.

लिहायचं नव्हतं. लिहिते.

खाजकुयली.

हा शब्द मला जन्मापासून माहीत. खाजकुयली लागल्यासारखी काय नाचतेस, हे आईचं रोजचं वाक्य. शाळेत पोरं एकमेकांना धमकी द्यायची, शर्टात खाजकुयली टाकीन. पण ती दिसते कशी, हे एक्केचाळीस वर्षांत कुणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. मी समजत होते काहीतरी काटेरी असेल. एवढी सुंदर असेल असं कुणाला वाटेल?

सवयीने ग्लोव्ह्ज घालूनच शेंगा ताटात मांडल्या. मग पोरांना म्हटलं, हात लावून बघा, किती मऊ आहेत. हे माझंच वाक्य. मीच म्हणाले.

पोरांनी हात लावला, गालांना लावला. आणि नक्षने, सँडल काढून, आपणहून पुढे येऊन, दोन्ही हातांनी एक शेंग उचलली. इतक्या शनिवारांत त्याने स्वतः उचललेली पहिली गोष्ट. मी प्राजक्ताकडे बघून हसत होते, तेवढ्यात दिया किंचाळली. मग सगळीच.

काकी गोठ्यातून शेणाचे हात तसेच घेऊन धावल्या. "कुयली हाय ती गो! पानी नको लावू कुनाला!" मी तोवर पाण्याची बादली उचललेली. ठेवली. पुढे काय झालं ते धड आठवत नाही. काकी पोरांच्या हातांना ओलं शेण फासत होत्या. कांचन पर्समधलं तेल चोळत होती आणि नानीला फोन लावत होती. मला एवढंच सुचलं की हे केसच आहेत, केस चिकटपट्टीला येतात. क्राफ्टच्या डब्यातला सेलोटेप काढला आणि एकेका हातावर चिकटवून ओढत सुटले. कशाने उतरलं देव जाणे. काकी म्हणतात शेणाने, कांचन म्हणते तेलाने.

नक्ष सगळ्यात जास्त रडला. प्राजक्ता त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी औषध दिलं, घाबरू नका म्हणाले. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी फोन केला. सगळी पोरं ठीक, जेवली. मी माझं ताट झाकून ठेवलं.

२६ जाने., रवि.

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. बायका बोलता बोलता थांबल्या.

ग्रुपवर रात्रभर मेसेज. बहुतेक सभ्य. कुणी, मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. कुणी, आम्ही थोडे दिवस थांबतो. एकीने लिहिलं, "तुम्ही केमिस्ट आहात ना?" हे बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. मग एकेक नाव ग्रुपमधून बाहेर. मी कारणं दिली नाहीत. लिहिलं : चूक माझी आहे, न ओळखता वनस्पती आणली, घरी येऊन भेटते.

आणि गेले. म.ने स्कूटी चालवली, मी मागे बसले. लोक चांगले असतात. चहा दिला बऱ्याच जणांनी. पण चहा देणं वेगळं आणि पोर पाठवणं वेगळं. प्राजक्ताने दार अर्धं उघडलं. नक्ष झोपलाय म्हणाली, बरा आहे म्हणाली, आणि हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१ फेब्रु., शनि.

दिया आणि रुद्र. रुद्र तर घरचाच, म्हणजे खरी आलेली एकटी दिया.

कांचनला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "टीचर, इससे ज़्यादा खुजली तो हमारे रिश्तेदार करते हैं." ओट्यावर बसून हसलो दोघी. आठवड्यात पहिल्यांदा हसले मी.

ठरवलेलं काहीच केलं नाही. तिघांनी मुंग्यांच्या मागे जायचं ठरवलं. आंब्यापासून गोठ्यापर्यंत रांग निघाली, मध्येच एक मेलेला नाकतोडा चाललेला. दियाने त्यांच्या वाटेत काड्यांचा पूल बांधला. मुंग्या खालूनच गेल्या. ती त्यांना समजावत होती, ऊपर से, ऊपर से. सकाळ कशी गेली कळलं नाही. हे मान्य करायला थोडं अवघड जातं की पोरं गेल्याचं दुःख असूनही आजची सकाळ छान होती.

५ फेब्रु., बुध.

कपाटातून पांढरा कोट काढला. धुतला, इस्त्री केली. घालून बघितला. पोटाकडे जरा घट्ट. म. दारात उभा राहून बघत होता. चांगला दिसतो तुला, एवढं म्हणून निघून गेला.

सुटल्यासारखंही वाटतंय. लॅबमध्ये मला प्रत्येक बाटलीत काय आहे ते माहीत असतं. लेबल असतं. चुकलं तर बॅच रिजेक्ट, रडणारं कुणी नाही.

८ फेब्रु., शनि.

नवा नियम केला आणि काकींच्या दारावर खडूने लिहिला : आधी काकी बघतील, मग मावशीचा उघडा हात, मग तुमचा. (मावशी म्हणजे मी. पोरं टीचरच म्हणतात, माझा हट्ट कोण ऐकतं.) ग्लोव्ह्जचा डबा घरी ठेवला.

शिरगावातून तीन पोरं परत. एकीचे बाबा सोबत आले आणि सगळा वेळ हाताची घडी घालून उभे, ऑडिटर उभा राहतो तसे. मला ऑडिटर आवडतात. त्यांना प्रत्येक गोष्ट दाखवली. जानेवारीत भिजत घातलेली पिंपळाची पानं आता कुजून तयार होती. जुन्या टूथब्रशने हलकं घासलं की हिरवं निघून जातं आणि नुसती जाळी राहते. वास घाणेरडा. पोरांना वासच जास्त आवडला. बाबांनी घडी सोडली, ब्रश घेतला, आणि त्यांची जाळी सगळ्यात सुबक निघाली. जाताना खिशात घालून नेली. परत येतील असं वाटतं. म्हणजे मुलगी येईल.

मांजर्लीतलं एकही नाही. नक्षच्या घरावरूनच जावं लागतं. गॅलरीत सँडल वाळत होते.

१५ फेब्रु., शनि.

प्राजक्ता आली. नक्षला घेऊन.

मी चरातल्या मातीत हात घालून बसले होते, उठायचं सुचलं नाही. ती समोर उकिडवी बसली. सांगायला लागली, नक्ष रोज विचारतो, ती मऊवाली शेंग परत कधी. तिने त्याला विचारलं, अरे खाज आली होती ना? तर म्हणे, "ते नंतर. आधी मऊ होती." प्राजक्ता म्हणाली, "मॅडम, मी आजवर याला काही मऊ आहे म्हणून हात लाव असं म्हटलंच नाही. हात लावू नको हेच सांगत आले."

मी मातीचा गोळा पुढे केला. तिने बराच वेळ घेतला नाही. मग घेतला. मळला, सवयीने, भाकरीच्या पिठासारखा. आणि घर करायला लागली. खाली चार जाड खांब, वर खोली, बाहेरून जिना. खांब उंच, फार उंच. खाली रिकामं. ते का, हे मला विचारावं लागलं नाही.

नक्षने आधी एक बोट लावलं. मग तळवा. मग मी एक गोळा दिला, त्याचं त्याने काहीतरी लांबडं केलं आणि त्या खोलीत नेऊन ठेवलं. काय आहे विचारलं तर म्हणाला, फ्रीज.

मी गोठ्यात जाऊन रडून आले. काकींनी बघितलं. म्हणाल्या, म्हशीला घाबरवू नको.

२७ फेब्रु., गुरु.

काल महाशिवरात्र. अंबरनाथला देवळाकडे पाय ठेवायला जागा नाही, म. अर्ध्या रस्त्यातून परत आला. शेजारच्या काकूंकडून बेलफळाच्या करवंट्या मिळाल्या, आतला गर त्यांनी सरबताला घेतला. शनिवारी त्यांच्या वाट्या करू. काकींना आधी दाखवणार, बेल असला तरी.

सरांचा मेसेज : होळी जवळ आली. मी नमस्काराचे हात पाठवले. तो काही जबाब नव्हे.

८ मार्च, शनि.

पळस फुलला. काकींच्या भावाकडे, बदलापूर गावाच्या वरच्या बाजूला, दोन झाडं पेटल्यासारखी. पोत्यात फुलं आणली. काकींनी बघितली, मी उघड्या हाताने चुरगाळली, पोरांनी रांगेत उभं राहून माझा तळवा तपासला. नियम मोडू देत नाहीत. नक्ष तर माझी बोटं उलटीपालटी करून बघतो.

फुलं कढत पाण्यात घातली. पाणी पिवळं, मग केशरी. कणभर चुना टाकला तर आणखी दाट. पोरं ओरडली नाहीत, आता त्यांना ठाऊक असतं की रंग बदलणार. एकमेकांना आधीच सांगतात. मला वाटलं होतं माहीत झाल्यावर मजा जाईल. उलट होतं.

बाटल्या भरून प्रत्येकाला दिल्या, धुळवडीला.

पोरं किती? जी गेली त्यातली काही गेलीच, येणार नाहीत. काही नवी आली. वाडी उभी आहे का? आजच्यासारख्या दिवशी हो म्हणावंसं वाटतं. पण आवराआवर करताना काकींनी सरळ विचारलं : "जूनला नदी हितं येल. गोठा बी वर न्यावा लागतो आमाला. तवा पोरां कुठं नेशील?"

मी याचा विचारच केला नव्हता. इतके आठवडे त्या गाळाचे बैल करतेय आणि गाळ कुठून येतो ते विसरले. घरी येऊन म.ला सांगितलं. त्याने नकाशा काढला, शिरगावातली मैदानं शोधली. दोन. एकावर बिल्डिंगचा बोर्ड लागलाय.

१४ मार्च, शुक्र.

धुळवड. शुक्रवार, म्हणजे आनंदनगर तसंही बंद. सोसायटीत टँकर नाही, सुज्ञपणा. खालची तीन पोरं पळसाच्या बाटल्या घेऊन उभी, बाकीच्यांना सांगत होती, हा खरावाला आहे. ऑडिटर बाबा केशरी झालेले दिसले. मला बघून त्यांनी हात वर केला.

कांचनने उल्हासनगरहून फोटो पाठवला. नानी केशरी.

होळी झाली. सर उद्या फोन करणार. काल रात्री मेसेज होता, शनिवारी सकाळी बोलू.

इथे लिहिलं ते पाळते, असं मीच लिहिलं होतं. पोरं आपल्या मनाने येताहेत, हे खरं. जूनमध्ये त्यांना न्यायला जागा नाही, हेही खरं. आणि कोट इस्त्री करून कपाटात टांगलेला आहे, घट्ट असला तरी होतो. म. म्हणाला, तुला काय हवंय ते सांग, बाकीचं बघू. मला काय हवंय ते मला माहीत आहे. ते पुरतं का, एवढंच माहीत नाही.

१५ मार्च, शनि.

ऊन चढायला लागलंय, लवकर सुरू केलं. आज बियांचे गोळे. करंज, बहावा, चिंच, काकींनी ठेवलेल्या सीताफळाच्या बिया. गाळ, थोडं शेणखत, मध्ये बी, गोल वळायचं आणि सावलीत सुकवायचं. पाऊस आला की कुठेही टाकून द्यायचं, उगवायचं ते उगवतं. पोरांनी विचारलं कधी टाकायचे. मी म्हटलं, जूनमध्ये. म्हटलं आणि जीभ चावली. जूनमध्ये कोण, कुठे, काही ठरलेलं नाही. पण त्यांनी तोवर 'जूनवाले लड्डू' असं नावही ठेवलं.

सगळे आंब्याखाली गोल बसलेले. कोपरापर्यंत माती. प्राजक्तासुद्धा बसली होती. नक्ष गोळे वळत नव्हता, मी वळलेले दाबून बघत होता, कच्चे वाटले की परत माझ्या हातात देत होता.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. ओट्यावर ठेवलेला. मला माहीत होतं कोणाचा. हात बघितले. धुवायला गोठ्याशी जायचं तर पोचेपर्यंत बंद होणार. दिया उठली, दोन बोटांनी फोन धरला आणि मी काही म्हणायच्या आत कानाला लावला.

"टीचरके हाथ मिट्टी में हैं," म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. दियाने माझ्याकडे बघितलं, ताटातल्या गोळ्यांकडे बघितलं, राहिलेल्या मातीच्या ढिगाकडे बघितलं.

"मालूम नहीं अंकल, कब छूटेंगे. अभी तो शुरू किया है."

आणि फोन ठेवून दिला. पुन्हा येऊन जागेवर बसली. कुणाचा होता, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. नक्षने एक कच्चा गोळा माझ्या हातात दिला. मी तो परत वळायला घेतला.

सरांनी पुन्हा फोन केला नाही. सोमवारी मलाच करावा लागेल.